स्वाराने बसावे कसे, गाडीला चाके किती?

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी कागदाची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आला. मुलगा यंत्रांच्या नादी लागलेला. वर्गात लक्ष कमी, परंतु सायकल-दुरुस्तीच्या दुकानात फार. त्या कागदावर त्याने मोटार-सायकलीचे चित्र काढले होते. त्यातील स्वार घोड्यावर बसावे तसा बसलेला नव्हता; आरामखुर्चीत रेलावे तसा पाठ टेकून आणि पाय पुढे पसरून तो आडवा झाला होता. शिवाय चाकांच्या ठिकाणी तुटक रेषांनी निराळीच मांडणी दाखविली होती. पुढचे एक चाक सोडवावे आणि त्या जागी दोन चाकांचा जोड बसवावा. म्हणजे एकच गाडी मनास येईल तेव्हा दुचाकी आणि मनास येईल तेव्हा तीनचाकी! "सर, हे जमेल का?" त्याने विचारले. मी हसून उत्तर दिले, "अरे, मोटार-सायकलीवर बसतात, निजत नाहीत. हे जमण्यासारखे असते तर आजवर कोणी केले नसते का?" मुलाने कागद गुंडाळला आणि तो निघून गेला. पुन्हा त्याने तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही.

सेवानिवृत्तीनंतर वाचनास अवकाश मिळाला, तेव्हा माझे उत्तर सपशेल चुकीचे होते असे मला कळून आले. आजचे हे भाषण त्या उत्तराची दुरुस्ती समजावी.

मोटार-सायकलीचा जन्मच मुळी अशा घरगुती खटाटोपातून झाला. जर्मनीतील कान्स्टाट येथे गॉटलीप डाइम्लर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख हे डाइम्लर यांच्या घराच्या बागेतील एका लहानशा इमारतीत काम करीत. तेथे सन १८८५ मध्ये त्यांनी लाकडी सांगाड्यात एक इंजिन बसविले. ही गाडी दुचाकी होती असे म्हणावे, तर तिच्या दोन्ही बाजूंस तोल सावरण्यासाठी एकेक छोटे चाक लावलेले होते. म्हणजे गणतीने चाके चार! त्याच सुमारास मानहाइम येथे कार्ल बेंझ यांनी मोटारगाडी तयार केली व २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. ती तीन चाकांची होती. चार चाकांच्या गाडीची पुढली दोन चाके नीट वळवावी कशी, हा प्रश्न त्या वेळी बेंझ यांना समाधानकारक रीतीने सुटला नव्हता, म्हणून तीन. तात्पर्य, चाके किती असावीत याविषयी आरंभी कोणताच दंडक नव्हता. ज्याला जी अडचण सोडविता आली, तीवरून त्याच्या गाडीची चाके ठरली.

बैठकीचेही तसेच. अमेरिकेत कार्ल नेरॅकर यांनी 'नेराकार' नावाची मोटार-सायकल तयार केली, ती सन १९२१ पासून विक्रीस आली. तिचा सांगाडा दाबलेल्या पोलादी पत्र्याचा व फार ठेंगणा होता. स्वार खाली बसे, त्याचे पाय पुढे असत आणि पुढल्या चाकाचे सुकाणू त्या चाकाच्या तुंब्यातच बसविलेले होते. नावात श्लेषही होता. एक तर कर्त्याचे आडनाव, आणि दुसरा अर्थ 'जवळजवळ मोटारच'! इंग्लंडातही ती तयार होत असे. परंतु १९२० नंतरचे ते दशक संपण्यापूर्वीच तिची निर्मिती थांबली.

या विषयातील सर्वांत बोधप्रद कथा मात्र फ्रान्समधील शार्ल मोशे यांची आहे. मोशे हे पॅरिसजवळच्या प्युतो येथे लहान मोटारी बनवीत. त्यांचा मुलगा जॉर्ज सायकल मागू लागला. परंतु सायकल धोक्याची, असे आईचे मत पडले. तेव्हा बापाने मुलासाठी चार चाकांची, रेलून बसून पायांनी चालवावयाची एक छोटी गाडी घरीच तयार केली. ती इतकी वेगाने धावे की मुलगा सायकलवाल्या सवंगड्यांना मागे टाकू लागला. ते पाहून मोशे यांनी मोठ्या माणसांसाठी 'व्हेलोकार' काढली. दोन माणसे शेजारी शेजारी बसत आणि दोघेही पायडल मारीत.

परंतु येथे एक अडचण उभी राहिली. सरळ रस्त्यावर उत्तम धावणारी ही हलकी चौचाकी वेगात वळण घेताना कलंडू पाही. मोशे यांनी तीन चाके लावून पाहिली. तरीही मनाजोगते जमेना. शेवटी त्यांनी त्या गाडीचा जणू उभा छेद घेतला. एक माणूस आणि दोनच चाके, बैठक मात्र तीच, रेलून बसण्याची. चार, तीन, दोन असा हा प्रवास सन १९३२ च्या सुमारास पुरा झाला. माझ्या विद्यार्थ्याने एका कागदावर जे मांडले होते, त्याचेच प्रयोग मोशे यांनी आपल्या कारखान्यात अनेक वर्षे केले होते.

७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर नावाच्या स्वाराने या आडव्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. फोर हा काही पहिल्या पंक्तीचा स्वार नव्हता. तासाचा आधीचा विक्रम ऑस्कर एग या स्विस स्वाराचा होता, त्याचे ४४.२४७ किलोमीटर सन १९१४ पासून अबाधित होते. एकोणीस वर्षे जे कोणास साधले नाही ते दुय्यम समजल्या जाणाऱ्या स्वाराने साधले, तेव्हा लोकांनी स्वाराकडे न पाहता सायकलीकडे बोट दाखविले. ही सायकल म्हणावी काय? वाद आंतरराष्ट्रीय सायकल संघाकडे गेला. संघाने सन १९३४ मध्ये शर्यतीच्या सायकलीची नवी व्याख्या केली. पायडलांचा आस जमिनीपासून किती उंच असावा, आसनाच्या किती पुढे असावा, पुढल्या चाकापासून किती दूर असावा, हे सारे मोजून ठरविले. आणि त्या मापांत मोशे यांची सायकल बसेना. त्याच वर्षी शार्ल मोशे वारले.

संघाचीही एक बाजू होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. शर्यत माणसांची व्हावी, यंत्रांची होऊ नये, हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु शर्यतीसाठी घातलेली मर्यादा हळूहळू साऱ्या जगाच्या मनात घर करून बसली, आणि सायकल म्हणजे अमुकच आकृती असे आपण मानू लागलो. जॉर्ज मोशे आणि फोर यांनी पुढे या सायकलीस वारा कापणारे आवरण घातले, आणि दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच फोरने तासात पन्नास किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. मान्यताप्राप्त सायकलीवर तोच पल्ला ओलांडण्यास फ्रान्चेस्को मोझेर यांचे सन १९८४ साल उजाडावे लागले. महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मिळ झाले, तेव्हा चौचाकी व्हेलोकारला पुन्हा मागणी आली. आणि युद्धानंतर जॉर्ज यांनी तिला लहान इंजिन बसवून छोट्या मोटारी विकल्या. मोटार-सायकलीतही रेललेली बैठक परत आली. इंग्लंडात १९७५ नंतर 'क्वेझार' ही छपराची दुचाकी निघाली. तिच्यात रिलायंट मोटारीचे इंजिन होते. गाड्या थोड्याच निघाल्या, परंतु कल्पना मेली नव्हती, एवढे त्यावरून सिद्ध होते.

चाके बदलण्याचे एक उदाहरण तर आपण रोज पाहतो. इटलीतील पियाजो कंपनीने 'व्हेस्पा' स्कूटर काढली, आणि तिच्याच मागल्या अंगास दोन चाके जोडून सन १९४८ मध्ये 'आपे' ही मालवाहू तीनचाकी बाजारात आणली. आपल्या पुण्यामुंबईच्या रस्त्यांवरील ऑटोरिक्षा याच कुळातील होय. तिच्या चालकासमोरील स्कूटरचे हँडल हीच तिच्या वंशाची खूण.

आता प्रश्न असा, की एकाच गाडीला आज दोन आणि उद्या तीन चाके लावली, तर काय बदलते? दुचाकी वळताना आतल्या बाजूस झुकते, आणि त्या झुकण्यानेच सावरते. तीनचाकी उभी असता पडत नाही. परंतु साधी तीनचाकी वळणावर झुकत नसल्यामुळे बाहेरच्या बाजूस उलटू पाहते. एकटे चाक पुढे असेल, तर वळताना ब्रेक दाबल्यावर भार त्या अरुंद टोकाकडे सरकतो आणि धोका वाढतो. दोन चाके पुढे असली, तर तोच भार रुंद बाजूवर येतो. रेललेल्या स्वारामुळे गुरुत्वमध्य खाली जातो. हा तीनचाकीस लाभ. दुचाकीस मात्र मंद वेगात तो जाच होतो. तळहातावर लांब काठी उभी तोलता येते, पेन्सिल तोलता येत नाही. त्यातलाच हा प्रकार.

परंतु सर्वांत मोठा बदल स्वाराच्या हातांत होतो. वेगातील दुचाकी डावीकडे वळवावयाची असता हँडल क्षणभर किंचित उजवीकडे जाते, मग गाडी डावीकडे झुकते व वळते. आपले हात हे नकळत करीत असतात. न झुकणाऱ्या तीनचाकीस हे चालत नाही. जिकडे जावयाचे तिकडेच हँडल फिरवावे लागते. म्हणून चाक बदलणाऱ्याने आपली सवयही तेथेच उतरवून ठेवली पाहिजे. पहिल्या वळणावर जुन्या सवयीने हात फिरला, तर सारी कारागिरी मातीस मिळेल. शिवाय नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करण्यास आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. तेव्हा असे प्रयोग मोकळ्या मैदानातच व्हावेत, आणि तेही मंद वेगाने.

हेच त्या दिवशी मी मुलास सांगावयास हवे होते. सन १९०९ च्या सुमारास इंग्लंडात एच. एफ. एस. मॉर्गन नावाच्या तरुणाने दुचाकीसाठी म्हणून घेतलेले प्यूजो कंपनीचे इंजिन तीन चाकांच्या हलक्या गाडीत बसवावयाचे ठरविले. पुढे दोन चाके, मागे एक. त्याच्याजवळ पुरेशी साधने नव्हती. मॉल्व्हर्न कॉलेज या शाळेतील यंत्रविद्येचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांनी त्यास शाळेची कार्यशाळा वापरू दिली आणि स्वतः मदतही केली. त्या गाडीतून पुढे मॉर्गन कंपनी उभी राहिली, आणि तिच्या तीनचाकी १९५० नंतरही काही वर्षे सतत निघत होत्या.

मॉर्गनची गाडी यशस्वी होईल, हे त्या शिक्षकास आधी ठाऊक असण्याचा संभव नाही. त्याने फक्त दार उघडे ठेवले. मीही त्या दिवशी एवढे तरी म्हणू शकलो असतो, "बाळ, मला यातले ठाऊक नाही, पण बस, आपण दोघे मिळून पाहू." माझा तो विद्यार्थी आज कोठे आहे, ते मला ठाऊक नाही. तो ऐकत असेल, तर त्याने तो कागद जपून ठेवला असावा, एवढीच माझी इच्छा आहे. आणि श्रोतेहो, आपल्या घरचा मुलगा किंवा मुलगी असा एखादा कागद पुढे करील, तेव्हा हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे, ही आपणांस विनंती.