आग इंजिनाला, शिक्षा चाकांना

तुरीन शहराला लागून कावोरेत्तोची टेकडी आहे. 1930 नंतरची पहिली एक-दोन वर्षं. चढावरच्या वळणाशी तुम्ही उभे आहात आणि खालून एक छोटीशी मोटार येताना दिसते. आत बसलेत फियाटचे सर्वेसर्वा जोव्हान्नी आन्येल्ली, पासष्टीच्या घरातले. सोबत गाडीचा कर्ता, इंजिनिअर ओरेस्ते लार्दोने. गाडीत नवल एकच: इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. मागच्या एक्सलपर्यंत जाणारा लांब शाफ्टच नाही, त्यामुळे तेवढी जागा माणसांना मोकळी. स्वस्त आणि लहान गाडीला आणखी काय हवं?

तेवढ्यात गाडी पेटते. दोघांना उड्या टाकून बाहेर पडावं लागतं.

लार्दोनेची नोकरी जाते आणि फियाटमध्ये पुढच्या चाकांच्या ड्राइव्हचं नाव काढायचं नाही, असं फर्मान निघतं. आग इंजिनाला लागली, शिक्षा मात्र चाकांना. मालकाच्या दरबारात असले न्याय होतात; त्यासाठी इटलीलाच जायला हवं असं नाही.

आता 1934. ड्रॉइंगच्या टेबलावर वाकलेल्या तरुणाच्या मागे उभे राहा. दान्ते जाकोसा, वय 29, तुरीनच्या पॉलिटेक्निकमधून शिकलेला. छोट्या गाडीचं काम आता त्याच्याकडे आलंय, फर्मानासकट. पेन्सिल कुठे थांबते ते बघा. इंजिन त्याने पुढच्या एक्सलच्याही पुढे ढकललं आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे, वरच्या अंगाला नेला. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, गार झालेलं खाली उतरतं. पाण्याचा पंप लागतच नाही. पेट्रोलची टाकीही उंचावर, म्हणजे तोही पंप गेला. प्रत्येक वगळलेला भाग म्हणजे वाचलेले पैसे. 569 सीसीची ही दोन माणसांची गाडी 1936 मध्ये बाजारात आली. लोकांनी तिला मिकी माऊसचं इटालियन नाव दिलं: तोपोलिनो. ताकद अर्थातच मागच्या चाकांना.

त्याच दिवसांत फियाटच्या लिंगोत्तो कारखान्याच्या गच्चीवर एकदा चढाच. खाली तळमजल्यावर कच्चा माल येतो, मजल्यामजल्यावर गाडी घडत वर सरकते आणि पाचव्या मजल्याच्या डोक्यावर, कलत्या वळणांच्या ट्रॅकवर तिची चाचणी होते. तुम्ही कठड्याला धरून उभे, आणि शहराच्या छपरांच्या वर गाड्या गरगर फिरताहेत. हा वेडेपणा 1923 मध्ये सुरू झाला.

युद्धाची वर्षं ओलांडून 1953 च्या जिनिव्हा प्रदर्शनात या. जाकोसाच्या हाताखाली तयार झालेली नवी 1100 उभी आहे. पुढची दारं उलटी उघडतात, तरी ओळख पटतेच. ही तर डुक्कर फियाट! हिच्याच पुढच्या अवताराला कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, पद्मिनी हे नाव मिळणार आहे आणि मुंबईचा टॅक्सीवाला स्टिअरिंगला लावलेला गिअर ओढत तिला अर्धं आयुष्य हाकणार आहे.

1955 ची सिक्स हंड्रेड आणि 1957 ची फाइव्ह हंड्रेड लोकप्रिय झाल्या, दोन्हींची इंजिनं मागे. सुंदर गाड्या. पण आपल्याला गाठायचंय 1964.

आन्येल्ली जाऊन एकोणीस वर्षं झालीत, पुढच्या चाकांच्या ड्राइव्हची कंपनीची धास्ती मात्र गेलेली नाही. दरम्यान इंग्लंडमध्ये अलेक इसिगोनिसने 1959 च्या मिनीत इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवून दाखवलीत. गिअरबॉक्स त्याने इंजिनाच्या पोटाखाली घातला, म्हणून दोघांना एकच तेल. जाकोसाला हे पटत नाही. तो गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला, त्याच रेषेत जोडतो. मग डिफरन्शियल मधोमध राहत नाही. एका चाकाचा शाफ्ट आखूड, दुसऱ्याचा लांब. असू दे, तो म्हणतो. बनवायला सोपं, दुरुस्तीला सोपं, आणि तेल ज्याचं त्याला. गाडी बाहेर पडते ती मात्र फियाट म्हणून नव्हे. आउतोबियांकी प्रिमुला या नावाने, म्हणजे फसलीच तर बदनामी दुसऱ्या बिल्ल्याची. ती फसली नाही. 1969 मध्ये फियाट 128 हीच रचना उघडपणे घेऊन आली आणि पुढच्या वर्षीची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. जाकोसा 1970 मध्ये निवृत्त झाला.

गौरव मिनीचा झाला, इसिगोनिस 'सर' झाला. माझं मत विचाराल तर जगाने टाळ्या मिनीला दिल्या आणि नक्कल जाकोसाची केली. 1983 मध्ये आपल्याकडे आलेली मारुती 800 हीच मांडणी घेऊन आली: आडवं इंजिन, बाजूला गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना ताकद. म्हणजे जाकोसाच्या जुन्या 1100 ला, आपल्या पद्मिनीला, बाजारातून उठवलं ते त्याच्याच कल्पनेने. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

आता परत या आणि इमारतीखाली उभ्या असलेल्या तुमच्या गाडीचं बॉनेट उघडा. इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच रेषेत दिसला, तर ती जाकोसाचीच मांडणी.