मैदान बदलणारा विद्यार्थी

खेळाडू विद्यार्थ्याने एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जावे की नाही, आणि गेलाच तर त्याला किती काळ मैदानाबाहेर बसवावे, हा अमेरिकेतील शिक्षणक्षेत्रातला एक जुना वाद आहे. त्याचा इतिहास पाहू लागले म्हणजे एका डोंगराळ, कोळशाच्या खाणींच्या राज्याचे नाव तीनदा समोर येते. ते राज्य म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया. १८९६ साली तेथील एका विद्यार्थ्याच्या कृत्याने या वादाला तोंड फुटले. २००६ साली तेथील एक सॉकरपटू दुसरीकडे गेला आणि त्यातून त्याचे भाग्य उजळले. आणि २०२३ साली तेथीलच न्यायालयात शंभराहून अधिक वर्षांचा निर्बंध डळमळला.

प्रारंभी एका नावाचा उलगडा केला पाहिजे. गोव्यापासून कोल्हापुरापर्यंत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्याला अमेरिकेत सॉकर हे नाव आहे. तेथे फुटबॉल म्हटले, की चेंडू हातात घेऊन धडका देत धावण्याचा निराळाच खेळ लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हा भेद येथे महत्त्वाचा आहे. कारण सॉकरच्या खेळाडूला ज्या नियमांनी जखडले, ते मूळचे त्याच्यासाठी केलेलेच नव्हते. दुसऱ्याच खेळातील दुखण्यावरचे ते औषध होते.

त्या दुखण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फील्डिंग योस्ट याचे. योस्ट वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी होता आणि तेथील फुटबॉल संघातील एक धिप्पाड गडी होता. १८९६ च्या ऑक्टोबरात पेन्सिल्व्हेनियातील लाफायेत महाविद्यालयाच्या संघाने त्याच्या संघाला हरविले. लाफायेतपुढे त्या वेळी एक मोठा सामना होता. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बलाढ्य संघाने सलग ३४ सामने जिंकले होते आणि आता त्याच्याशी गाठ होती. योस्ट एकाएकी लाफायेतचा ‘विद्यार्थी’ झाला, त्या सामन्यात खेळला, आणि लाफायेतने तो ६–४ असा जिंकला. काही आठवड्यांतच हा गृहस्थ वेस्ट व्हर्जिनियास परतला आणि पुढल्या वर्षी तेथूनच त्याने कायद्याची पदवी घेतली. हाच योस्ट पुढे मिशिगन विद्यापीठाचा ख्यातनाम प्रशिक्षक झाला. त्या काळी अशा खेळाडूंना भटके खेळाडू म्हणत. आज या महाविद्यालयाच्या पटावर, उद्या त्या. वर्गाशी मात्र त्यांचा संबंध नावापुरताच.

फुटबॉलमधील दांडगाईने विद्यार्थी मरू लागले, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०५ च्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्याच वर्षअखेर ६२ संस्थांनी एकत्र येऊन एक संघटना उभारण्याचे ठरविले. ती १९०६ साली विधिवत अस्तित्वात आली आणि १९१० पासून ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या आरंभीच्या नियमांतच भटक्या खेळाडूला पायबंद घातला होता: दुसऱ्या महाविद्यालयातून आलेल्याने नव्या ठिकाणी एक वर्ष शिकावे आणि मगच मैदानात उतरावे. हेतू निर्मळ होता. खेळाडू हा आधी विद्यार्थी असला पाहिजे, एवढेच त्यात म्हटले होते.

परंतु ज्या परिस्थितीत नियम जन्माला येतो, ती पालटली तरी नियम तसाच राहतो. शतकाच्या मध्यावर महाविद्यालयीन खेळ हा मोठ्या उलाढालीचा व्यवहार झाला. १९५६ साली केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मुभा मिळाली. १९७३ साली त्या शिष्यवृत्तीची मुदत एका वर्षावर आणली गेली. दरवर्षी ती चालू ठेवावी की नाही, हे महाविद्यालयाने ठरवावयाचे. म्हणजे प्रशिक्षकाची मर्जी फिरली, तर वर्षाअखेर विद्यार्थ्याची मदत बंद होऊ शकत होती. उलट, विद्यार्थ्याला जावेसे वाटले तर वर्षभर बाकावर बसण्याची शिक्षा होती. प्रशिक्षकाला मात्र अधिक वेतनासाठी त्याच दिवशी दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची मोकळीक होती. ज्याच्या भरवशावर एखादा मुलगा घरापासून हजार मैलांवर शिकायला आला, तो गुरूच निघून जाई आणि शिष्य मागे अडकून राही. भटकेपणाला घातलेली वेसण अशी एकाच बाजूला लागली होती.

सॉकर या व्यवहारात उशिरा आला आणि गरीबच राहिला. संघटनेची पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९ साली झाली व ती सेंट लुइस विद्यापीठाने जिंकली. स्त्रियांची स्पर्धा १९८२ साली सुरू झाली. शिक्षणात स्त्रीपुरुष भेद करण्यास मनाई करणारा १९७२ चा कायदा तिच्या पाठीशी होता. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाला पुरुषांच्या सॉकर संघासाठी दीर्घकाळ ९.९, तर स्त्रियांच्या संघासाठी १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि संघात गडी मात्र पंचवीस-तीस. साहजिकच एकेक शिष्यवृत्ती तुकडे करून वाटली जाई. कुणाला अर्धी, कुणाला पाव, तर कुणाला काहीच नाही. अशा खेळाडूने विद्यापीठ बदलावयाचे म्हटले, तर त्यामागे कीर्तीचा लोभ असेलच असे नव्हे. कित्येकदा फीचा हिशेब असे, कधी संघात जागा न मिळाल्याची निराशा असे, कधी घराची ओढ असे.

सॉकरपटूला नियमात एक सवलत होती. फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या गल्ला भरणाऱ्या खेळांतील बदलीला वर्षभराचा वनवास होता. सॉकरपटूला मात्र एकदा तो माफ होई. पण त्यासाठी जुन्या विद्यापीठाची संमती लागे. तिने परवानगी दिल्यावाचून दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने त्या मुलाशी बोलावयाचेसुद्धा नाही, आणि परवानगी नाकारली तर नव्या ठिकाणी पहिल्या वर्षी खेळाची शिष्यवृत्ती नाही. दाराला कडी नव्हती, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती होती.

पात्रतेच्या नियमांना न्यायालयात आव्हान देण्याचा एक महत्त्वाचा प्रसंग सॉकरनेच घडविला. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची जुनी गंगोत्री. त्रिनिदादचे लिंकन फिलिप्स तेथे प्रशिक्षक होते आणि संघात कॅरिबियन बेटांतील व आफ्रिकेतील विद्यार्थी होते. १९७१ साली या संघाने सेंट लुइसला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. मायदेशात आधी खेळलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या पात्रतेची वर्षे कापणारा एक नियम होता. त्याचा आणि अन्य नियमांचा आधार घेऊन संघटनेने ते विजेतेपद काढून घेतले. विद्यापीठ न्यायालयात गेले. परदेशी विद्यार्थ्यांपुरता केलेला तो नियम घटनेतील समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असा निर्णय झाला, तरी गेलेला किताब परत आला नाही. हॉवर्डने तो १९७४ साली एकही सामना न हरता, पुन्हा सेंट लुइसलाच नमवून, मैदानावर परत मिळविला.

बदलीने काय साधते, याचे उत्तर जेफ कॅमेरन याच्या चरित्रात मिळते. त्याची आरंभीची वर्षे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेली. २००६ आणि २००७ चे हंगाम तो रोड आयलंड विद्यापीठाकडून खेळला. २००८ च्या व्यावसायिक निवडीत त्याचे नाव ४२ वे आले, म्हणजे फारशी अपेक्षा कुणाचीच नव्हती. ह्यूस्टनच्या संघातून तो २०१२ साली इंग्लंडमधील स्टोक सिटी संघात गेला आणि २०१४ च्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळला. जेसिका मॅक्डोनल्ड हिची वाट याहूनही बिकट. अ‍ॅरिझोनातील फीनिक्स कॉलेज या दोन वर्षांच्या महाविद्यालयातून ती नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आली. २००८ आणि २००९ साली राष्ट्रीय विजेत्या संघात होती. आणि २०१९ साली एका मुलाची आई असताना विश्वविजेत्या अमेरिकी संघाची सदस्य झाली. ही दोघे पहिल्या महाविद्यालयाशी बेइमान झाली, असे कोण म्हणेल?

परवानगीची अट १५ ऑक्टोबर २०१८ रोजी संपली. त्या दिवसापासून ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नावाची संगणकावरील नोंदवही सुरू झाली. विद्यार्थ्याने इच्छा कळविली, की विद्यापीठाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव तीत घालावयाचे. मग कोणत्याही प्रशिक्षकाने त्याच्याशी बोलावे. २०२१ साली एकदा बदली करून लगेच खेळण्याची मुभा सर्व खेळांना मिळाली. दुसऱ्यांदा बदली करणाऱ्यावर मात्र वर्षाची टांगती तलवार राहिली. त्याविरुद्ध ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आदी राज्यांनी फिर्याद केली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात दुसऱ्यांदा बदली होऊन आलेल्या, आणि म्हणून बाहेर बसविलेल्या, रेक्वान बॅटल या बास्केटबॉलपटूचे प्रकरण त्यात पुढे आले. १३ डिसेंबर २०२३ रोजी तेथील संघीय न्यायालयाचे न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी नियमाच्या अंमलबजावणीस मनाई केली. एप्रिल २०२४ मध्ये संघटनेने आपला नियम बदलला आणि मे अखेर झालेल्या तडजोडीने वर्षभराची ती अट इतिहासजमा झाली. ज्या राज्यातून योस्ट निघाला, त्याच राज्यात १२७ वर्षांनी हे चक्र पूर्ण फिरले.

मात्र या मोकळिकीचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही. २००३ पासून असा दंडक होता, की तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीच्या अभ्यासाचा ४० टक्के, चौथ्याच्या आरंभी ६० टक्के आणि पाचव्याच्या आरंभी ८० टक्के भाग पुरा झालेला असावा. एका विद्यापीठात उत्तीर्ण केलेले विषय दुसऱ्याने आपल्या पदवीस लागू धरले नाहीत, तर पायांत बळ असूनही खेळाडू अपात्र ठरावा, असा हा पेच आहे. लहान महाविद्यालयांनी घडविलेले खेळाडू मोठी विद्यापीठे उचलू लागली. नोंदवहीत नाव घातले म्हणजे नवे घर मिळालेच, असेही नाही. जुने विद्यापीठ तोवर शिष्यवृत्ती बंद करू शकते. २०२५ साली झालेल्या न्यायालयीन तडजोडीने शिष्यवृत्तींच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि तिच्या जागी, तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत, सॉकर संघात २८ हून अधिक खेळाडू नकोत असे ठरले. अनुभवी खेळाडू बदलून आला, की शाळेतून नव्याने येणाऱ्या मुलाची जागा तितकी आक्रसते.

१९०६ च्या धुरीणांचा प्रश्न खोटा नव्हता. खेळाडू हा विद्यार्थी राहावा, ही त्यांची इच्छा आजही तितकीच योग्य आहे. चूक एवढीच झाली, की त्याला विद्यार्थी ठेवण्यासाठी त्यांनी त्याचा खेळ बंद केला. त्याचा अभ्यास त्याच्याबरोबर नव्या विद्यापीठात पोचेल, याची तजवीज केली नाही. इतर कोणत्याही विद्यार्थ्याला विद्यापीठ बदलण्याचे जे स्वातंत्र्य होते, ते अखेर सॉकरपटूलाही लाभले. आता त्याच्या सामानात चेंडूबरोबर पूर्ण झालेल्या विषयांची गुणपत्रिकाही मान्य होऊन जावी, म्हणजे योस्टच्या काळी सुरू झालेल्या या वादाचा निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने लागला, असे म्हणता येईल.