माती नसलेली आमरी

सह्याद्रीत ऑर्किड, म्हणजे आमरी, बहुधा झाडावर दिसते. आंब्याच्या फांदीला बिलगलेली, मुळे हवेत सोडलेली सीतेची वेणी मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळे ओसाकाच्या नगर कलासंग्रहालयातल्या एका चिनी चित्राची प्रतिकृती प्रथम पाहिली, तेव्हा मला काहीच खटकले नाही. कोऱ्या कागदावर शाईची लांब पाती, त्यांतून डोकावणारे फूल, खाली जमिनीची रेघसुद्धा नाही. मी पान उलटले. जे मला स्वाभाविक वाटले तेच त्या चित्राचे सारे म्हणणे होते, हे बऱ्याच वर्षांनी कळले.

चिनी पंडित रंगवत ती 'लान' जातीची आमरी जमिनीत वाढते. माती न दाखवणे हा तिथे निसर्ग नव्हे, निर्णय आहे.

हा निर्णय झेंग सिश्याओचा (1241–1318). राजधानीच्या विद्यापीठात शिकलेला हा माणूस सोंग राजवटीचा प्रजाजन होता. 1279 मध्ये मंगोलांनी सोंगांचा शेवट केला. त्यानंतर त्याने 'सिश्याओ' हे नाव घेतले. त्याचा अर्थ 'श्याओचे स्मरण', आणि 'श्याओ' हे चिन्ह सोंग राजघराण्याच्या 'झाओ' या आडनावातला एक भाग आहे. म्हणजे गेलेला राजा त्याने स्वतःच्या नावात लपवला. तो नेहमी दक्षिणेकडे तोंड करून बसे असे सांगतात. माती का काढत नाही, असे विचारल्यावर, ती परक्यांनी चोरून नेली हे तुम्हाला ठाऊक नाही का, असा उलट सवाल त्याने केल्याची आख्यायिका आहे. ओसाकातले चित्र 1306 चे. त्यावर मंगोल सम्राटाच्या राजवटीचे वर्ष नाही. आपल्या साठ संवत्सरांसारख्या चिनी कालचक्रातले नुसते वर्षनाम आहे.

अभ्यासाच्या आरंभी मी एका वहीत तक्ता केला होता. प्लम म्हणजे थंडीतले धैर्य, बांबू म्हणजे वाकूनही न मोडणारा, शेवंती म्हणजे दरबार सोडलेला कवी ताओ युआनमिंग, आमरी म्हणजे हद्दपार मंत्री छू युआनच्या काव्यातला निर्मळपणा. या चौघांना चिनी लोक 'चार सज्जन' म्हणतात. तक्ता चुकीचा नव्हता, पण तो मोडला तो झाओ मेंगफूपाशी (1254–1322).

झाओ हा प्रत्यक्ष सोंग राजघराण्याचा वंशज. कुब्लाई खानाचे बोलावणे आले तेव्हा तो उत्तरेला गेला आणि मंगोल दरबारात मोठ्या पदाला चढला. त्यानेही आमरी काढली, बांबूही काढला. क्लीव्हलंडच्या संग्रहालयात त्याचा खडक, बांबू आणि आमरी यांचा लांब चित्रपट आहे. माझ्या तक्त्याप्रमाणे झेंगची आमरी निष्ठावंत आणि झाओचीही निष्ठावंत! मग दोघांपैकी खोटे कोण?

पुष्कळ दिवस मी झाओला ढोंगी ठरवून मोकळा झालो होतो. पुढे वाचनात आले की दरबाराच्या वाटेला लागल्याचा पश्चात्ताप त्याने स्वतःच एका कवितेत मांडला आहे. त्याच्या फुलांखाली जमीन आहे, कारण त्याने त्या जमिनीवर राहायचे ठरवले होते. पण निर्मळ राहण्याची ओढ सुटली नव्हती. झेंगचे फूल हा नकार आहे. झाओचे फूल मला आता इच्छेसारखे वाटते, कदाचित स्वतःला केलेल्या विनवणीसारखे.

म्हणून प्रतीकाचा अर्थ एकट्या वनस्पतीत सापडत नाही. ते फूल काढणाऱ्याने काय सोडले आणि काय धरून ठेवले, तेही पाहावे लागते. झेंगने सोडलेली कागदाची ती कोरी जागा सुमारे सातशे वर्षे तशीच आहे. तीत माती भरायला आजवर कोणी धजावलेले नाही. मी मात्र नकळत भरली होती, सह्याद्रीतल्या एका फांदीने.