सोन्याइतका जड दगड : आगरगावचा वुल्फ्राम

आमच्या बावधनमध्ये पाया खणला की काळा पाषाण लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. त्यांच्याखाली काय आहे, हे कोयना परिसरात भूकंप-संशोधनासाठी घेतलेल्या खोल बोअरमधून कळले. एका ठिकाणी सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइट लागला. पूर्व विदर्भात मात्र असे प्राचीन खडक उघडेच आहेत, आणि नागपूर जिल्ह्यात कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात त्यांच्यात टंगस्टन सापडते.

टंगस्टनचे ग्रॅनाइटशी जुने नाते आहे. ग्रॅनाइटचा तप्त रस जमिनीखाली सावकाश गोठतो. फेल्डस्पार, अभ्रक यांचे स्फटिक बनत जातात. टंगस्टन आणि अनेक दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये त्यांत सहज सामावत नाहीत, म्हणून ती शेवटच्या रसात आणि गरम पाण्यात साठतात. ते पाणी आसपासच्या खडकांच्या भेगांत शिरून निवते. मग पांढऱ्या गारगोटीची शीर तयार होते आणि तिच्यात काळे, जड वुल्फ्रामाइट.

टंगस्टन म्हणजे स्वीडिश भाषेत ‘जड दगड’. या धातूची घनता १९.३, म्हणजे सोन्याइतकीच. हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनी धातू आणि रत्ने पाण्याच्या साहाय्याने तोलून ओळखत असे. त्याच्या तराजूलाही या दोघांत फरक दिसला नसता.

भूवैज्ञानिक फर्मोर यांनी १९०८ साली नागपूर जिल्ह्यातल्या वुल्फ्रामवर टिपण प्रसिद्ध केले. तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातल्या ब्रह्मदेशातील तव्हॉयचे वुल्फ्राम बहुतांशी जर्मनीत जाई. १९१४ साली युद्ध पेटले आणि तोफा घडवणाऱ्या हत्यारांच्या पोलादाला टंगस्टन लागते, हे लंडनला महागात पडून कळले. मग तव्हॉयच्या खाणींवर जोर आला, राजस्थानातल्या डेगान्याची टेकडीही खोदली गेली. युद्ध संपले, भाव पडले, खाणी ओस पडल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, एप्रिलमध्ये सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवर. भारताने २०२३ सालीच दोन्हींना ‘महत्त्वाच्या खनिजां’च्या यादीत घेतले होते.

या दगडाची आठवण जगाला टंचाईतच होते, आणि टंचाईत निर्णय घाईने होतात. त्या शिरांवर माणसांची शेते आणि विहिरी आहेत. खाण किती खोल जाईल, पाण्याचे काय होईल, मोबदला कुणाला मिळेल, हे प्रश्न शांततेच्या काळातच, गावासमोर बसून सोडवायचे असतात.