औशाचे टाळकरी

लातूरहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर औसा येतं. इतिहासाच्या अभ्यासकांना ते भुईकोट किल्ल्यामुळे ठाऊक असतं, वारकऱ्यांना नाथ संस्थानामुळे. वीरनाथ आणि मल्लनाथ महाराजांच्या या परंपरेनं चक्रीभजन पिढ्यान् पिढ्या जपलं. एरवी भजन म्हणजे समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये विणेकरी. औसेकरांचं भजन फेर धरतं. गाणाऱ्याचे पायही टाळ-मृदंगाच्या लयीत बोलतात. माघ वारीत पंढरपुरात हे भजन होतं. पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो, कारण त्याला कीर्तनही म्हणता येत नाही नि नाचही.

अशा गाण्याच्या मागे वेडे झालेल्या माणसांना समाजानं काय म्हटलं? टाळकुटे. हा शब्द गावच्या पारावरही ऐकू येतो आणि शहरातल्या शिकलेल्या घरांतही. काम ना धंदा, बसलाय टाळ कुटत!

विद्वानांतही यावरून दोन तट पडले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिलं आणि संतांच्या कार्याला त्यात मानाचं स्थान दिलं. इतिहासाचार्य राजवाड्यांना ते पटलं नाही. संतांनी समाजाला पंगू केलं, असा त्यांचा आक्षेप. वाद संतांचा होता, पण त्याची झळ टाळ वाजवणाऱ्या साध्या माणसालाही लागली.

मराठवाड्यात या माणसाची परिस्थिती आणखी वेगळी. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात. सभा घ्यायची तर परवानगी लागे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठानं विद्यार्थ्यांना काढून टाकलं. ज्या राज्यात एका गीताची ही किंमत मोजावी लागे, तिथे चार माणसांनी देवळात जमून मोठ्यानं गाणं ही किरकोळ गोष्ट नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि तो धाक सरला. हिणवणं मात्र राहिलं.

खरं तर या टाळकऱ्याइतका जाणता रसिक सहसा सापडत नाही. कुठल्या अभंगाला कोणती चाल, पावली कधी धरायची, गजर कधी वाढवायचा, हे त्याला कुणी वहीतून शिकवलेलं नसतं. मृदंगाच्या धुमेवर कणीक कमी पडली तर आवाज भरत नाही, हे तो दुरून ऐकून सांगतो. काकड्याला पहाटे येतो, संध्याकाळी हरिपाठाला उभा राहतो, एकादशीला रात्र जागवतो. गावात कुणी गेलं तर अंत्ययात्रेपुढेही तोच असतो. त्याला हसणाऱ्या घरालाही अशा वेळी त्याला बोलवावंच लागतं.

लोकांची नजर हळूहळू बदलली. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे सोनोपंत दांडेकर कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा पांढरपेशी मंडळीही ऐकायला बसली. पुढे भीमसेन जोशींच्या ‘संतवाणी’नं अभंग तिकीट लावून ऐकण्याच्या सभागृहांत नेला. अलीकडे औशाच्याच गादीचे गहिनीनाथ महाराज औसेकर पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिर समितीचे सहअध्यक्ष झाले.

पण या मानाचा वाटा मागच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसापर्यंत फारसा पोचला नाही. सप्ताहात कीर्तनकाराला बिदागी मिळते, मृदंग वाजवणाऱ्याला काही ना काही मिळतं. टाळकऱ्याला पंगतीचं जेवण. तो पैसे मागतही नाही, आणि म्हणूनच त्याचं गाणं फुकटात मोजलं जातं. ‘संतवाणी’ला दाद देणाऱ्या कितीजणांनी आपल्याच गावचा हरिपाठ शेवटपर्यंत ऐकला आहे?

आता मिरवणुकीत डीजे आला आहे. त्याच्या भिंतीपुढे टाळाचा आवाज टिकत नाही. मराठवाड्यातली बरीच पोरं आजही आळंदीला जाऊन मृदंग शिकतात, ही जमेची बाजू. त्यांच्या हाती ताल राहील, पण गावोगावच्या जुन्या चाली अजून सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या गळ्यातच आहेत. त्या आजच ध्वनिमुद्रित करायला हव्यात, आणि त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. एक मोबाइल आणि एकादशीची एक रात्र पुरते.