मृगातली हिरवी रेषा आणि आमचं जेऊर

आमच्या ऑफिसात सीओईपीवाले पुष्कळ. बोट क्लब, रेगाटा, हॉस्टेल... कॉलेजचा विषय निघाला की तासन् तास बोलतील. पण "एके काळी भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण तुमच्या कॉलेजात होती," असं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "कधी? कुठे?"

तर आजचा लेख त्या दुर्बिणीवर, ती चालवणाऱ्या माणसावर, आणि थोडासा सोलापूर जिल्ह्यावर. (मी शुक्रवार पेठेतला. विषय कुठलाही असो, गाडी शेवटी सोलापूर स्टेशनात शिरतेच. चालवून घ्या. :) )

माणसाचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला, जन्म १८५७. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शिकवायचे. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. ते पैसे घेऊन हा तरुण मास्तर इंग्लंडला गेला, तिथल्या जाणकारांना भेटला आणि डब्लिनच्या ग्रब कंपनीकडे वीस इंची आरशाची दुर्बीण सांगून आला. ती बसली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाली.

वीस इंच म्हणजे किती? अंधारात आपली बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. हिशोब केला तर वीस इंची आरसा आपल्या डोळ्याच्या पाच हजार पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. पुढे कित्येक दशकं भारतात याहून मोठी दुर्बीण नव्हती.

एवढं यंत्र हाती आल्यावर नायगमवालांनी काय पाहिलं? मृग नक्षत्रातला तेजोमेघ. आणि तो नुसता मौज म्हणून नव्हे, एका भांडणाचा निकाल लावायला.

भांडण असं होतं. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला होता. ताऱ्यासारखा सलग रंगपट्टा दिसेल असं वाटलं होतं. दिसल्या मोजक्या सुट्या रेषा. म्हणजे हा ताऱ्यांचा दाट पुंजका नाही, हा वायू आहे. त्यातली सगळ्यात ठळक रेषा हिरवी होती, आणि ती पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी नीट जुळेना. नॉर्मन लॉकियर हे त्या काळातलं बडं प्रस्थ, 'नेचर' साप्ताहिकाचे संपादक. त्यांचं म्हणणं, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ही हिरवी रेषा त्यातल्या तापलेल्या मॅग्नेशियमची.

हे तपासायचं कसं? मॅग्नेशियमचा त्या जागचा प्रकाश म्हणजे एक पट्टा असतो. त्याची एक कड धारदार आणि दुसरीकडे तो हळूहळू विरत जातो. लॉकियर बरोबर असतील तर हिरवी रेषाही एका बाजूला पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून ती पुन्हा पुन्हा पाहिली. रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ, बारीक, कापल्यासारखी! १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हे छापलं. ब्रिटिश राजवटीत, पुण्यातला एक कॉलेज मास्तर लॉकियरच्या सिद्धान्ताविरुद्ध पुरावा देतो, आणि तो छापला जातो. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या भाषेत सांगायचं तर सीनियर आर्किटेक्टच्या डिझाइनवर ज्युनियरने नेमकी टेस्ट केस लिहिली आणि ती फेल करून दाखवली.

मग रेषा होती कशाची? या गूढ द्रव्याला लोकांनी 'नेब्युलियम' असं नाव देऊन टाकलं. उत्तर मिळायला १९२७ उजाडलं. इरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तो साधा ऑक्सिजन आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. अतिशय विरळ जागीच तो असा चमकू शकतो. आपल्याकडे अणू एकमेकांवर इतके आदळतात की चमकायला त्याला सवडच मिळत नाही.

हे सगळं पुस्तकात वाचणं वेगळं. गेल्या जानेवारीत आठ इंची दुर्बीण गाडीत टाकून आम्ही अक्कलकोटच्या पुढे चुलत्यांच्या शेतात गेलो. शुक्रवार पेठेतल्या गच्चीवरून मृगाचे तारे दिसतात, पण तेजोमेघ रस्त्याच्या दिव्यांत बुडून जातो. शेतात गुळभेंडीचा हुरडा, शेंगाचटणी, मग आगटी विझवली आणि अर्धा तास नुसते बसून राहिलो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. मध्येच कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. (लाल बल्ब चालतो.)

मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, त्याच्या दक्षिणेला आणखी एक फिकट ओळ, तिच्या मधोमध तो. चुलत भावाने डोळा लावला आणि म्हणाला, "धूर हाय की बे नुसता!" काकूंनी जास्त वेळ पाहिलं. "कंदिलाच्या काचेवर वाफ धरते ना, तसं दिसतंय. जरा हिरवट."

काकूंचं निरीक्षण अचूक! फोटोत हा तेजोमेघ गुलाबी-लाल असतो, कारण कॅमेरा हायड्रोजनचा लाल प्रकाश भरपूर टिपतो. अंधारात आपला डोळा लाल रंगाला जवळजवळ आंधळा असतो आणि हिरव्या-निळ्याच्या सीमेवर सर्वांत तीक्ष्ण. नेमकी तिथेच ऑक्सिजनची ती रेषा पडते. म्हणजे काकूंनी शेतात उभं राहून जे पाहिलं, त्यात मोठा वाटा नायगमवालांच्या त्याच रेषेचा होता. आणि तो प्रकाश निघाला होता सुमारे तेराशे वर्षांपूर्वी, बदामीच्या चालुक्यांच्या काळात!

गंमत म्हणजे त्या दशकात पुण्यात मृग नक्षत्राचा मुक्कामच होता. नायगमवालांचं टिपण १८९१ चं. १८९३ मध्ये टिळकांचं 'ओरायन' आलं: वसंतसंपात मृगात होता त्या काळावरून वेदांचं वय काढण्याचा प्रयत्न. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ छापला गेला. एकाच गावात एक जण त्या ताऱ्यांत रसायन शोधतोय, दुसरा काळ, तिसरा आपल्या गणिताचा इतिहास!

आता जेऊर. करमाळा तालुक्यातलं हे स्टेशन पुणे-सोलापूर गाडीने जाताना आपण खिडकीतून पाहतो आणि पुन्हा झोपतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून चढून इथे रेल्वेमार्गाला छेदत होता. जड पेटारे थेट स्टेशनात उतरवता येणार, आणि जानेवारीतलं आपलं कोरडं, निरभ्र आकाश! नायगमवाला पुण्याहून उपकरणं आणि मदतनीस घेऊन आले. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ आल्या. सोबत चाळीस फूट लांबीचा कॅमेरा. एवढं धूड सूर्यामागे फिरवणार कसं? त्यांची युक्ती साधी होती: भिंग आणि नळी एका जागी पक्की, आणि तळाशी फोटोची काच तेवढी घड्याळयंत्राने सरकत राहायची.

काळ कसला होता तेही आठवा. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातलेलं, वर्षभरापूर्वीच दुष्काळ होऊन गेलेला. त्यात सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपते न संपते तोच भर दुपारी जेऊरच्या माळावर सुमारे दोन मिनिटं अंधार झाला. (सोलापूर शहर पट्ट्याबाहेर होतं, तिथे ग्रहण खंडग्रासच.) त्याच दिवशी वर विजयदुर्गावर खुद्द लॉकियर हजर होते, आणि विदर्भातल्या तळणीला अ‍ॅनी माँडर या बाईंनी सूर्यप्रभेचा लाखो मैल लांब झोत फोटोत पकडला. हेच कॅम्पबेल पुढे १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रहणात आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची कसोटी घ्यायला गेले. त्यांच्या ग्रहणमोहिमांची सुरुवात मात्र आपल्या जेऊरला झाली. नायगमवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि मग? १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकॅनॉलला रवाना. पैसा राजाचा होता, यंत्र आयर्लंडचं होतं, सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात होतं. तो माणूस घरी गेला की कुलूप. कंपनीत आपण हेच रोज बघतो. एकाच माणसाला येणारी सिस्टिम त्याच्या नोटीस पीरियडइतकीच जगते. नायगमवालांनी उत्तम काम केलं, पण त्यांच्यामागे ते काम पुढे नेणारं कुणी उभं करावं असं ना कॉलेजला वाटलं ना सरकारला.

पुढची पिढी वेगळ्या वाटेने आली. १९४४ मध्ये पुण्यात हौशी लोकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली. १९८५ मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं आणि वांगणीच्या माळावर शनिवारच्या रात्री आकाशदर्शनाला लोकल भरून माणसं जाऊ लागली. इथे कुणी महाराजा नाही, पगारी माणूस नाही. एकाने दुसऱ्याला मृग दाखवायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. म्हणून अजून चालू आहे. आणि सीओईपीच्या पोरांनी स्वतः बनवलेला 'स्वयम्' उपग्रह २०१६ मध्ये अवकाशात गेला, हेही इथे नोंदवायलाच हवं.

नायगमवालांना जी गोष्ट फुकट मिळाली होती ती म्हणजे अंधार. ते पुण्याच्या मध्यावरून मृगाचा तेजोमेघ तपासू शकले. आज तेच बघायला आपल्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर जावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे वाघासारखा अंधारही आता राखीव जंगलात ठेवायची वेळ आलीय!

असो. पौष किंवा माघातली अमावास्या बघा, शनिवारला जोडून आली तर उत्तम. दुर्बीण नसली तर साधी बायनॉक्युलरही चालेल. रात्री नऊ-दहाला मृग चांगला वर असतो. आणि जाताना एखादं शाळकरी पोर सोबत न्या. आधी त्याला बघू द्या.