पान गळतं तेव्हा

मंडळी, आज जरा वेगळा विषय. झाडाला नकोसं झालेलं पान झाड स्वतःच सोडून देतं, वारा फक्त निमित्त. आपल्या शरीरातल्या पेशीसुद्धा अशाच ठरवून गळतात. या मरणाला आजचं नाव मिळालं ते १९७२ साली. केर, वायली आणि करी हे तीन शास्त्रज्ञ नावासाठी कुणाकडे गेले असतील? स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांकडे! जेम्स कॉर्मॅक यांनी शब्द सुचवला 'अ‍ॅपॉप्टोसिस', म्हणजे पानं-पाकळ्या गळणं. जन्मभर मराठी शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तरला हे वाचून केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण पान गळायचंच थांबलं तर? १९८४-८५च्या सुमारास अमेरिकेत एका प्रकारच्या लसिका-कर्करोगात 'बीसीएल-२' नावाचं जनुक सापडलं. १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे ते भलतंच जोरात चालत होतं. तोवर समज असा, की कर्करोगाची जनुकं पेशींना भराभर वाढायला लावतात. १९८८ साली मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स या संशोधक विद्यार्थ्याने सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांच्याबरोबर दाखवून दिलं, की हे जनुक पेशी वाढवत नाही, ते त्यांना मरू देत नाही. घरी कुणी नवं येत नाही, पण जुनं कुणी जायलाही तयार नाही, अशातली गत.

या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला एक खाच असते. पेशीला 'आता पुरे' असं सांगणाऱ्या प्रथिनांचा मळसूत्रासारखा एक तुकडा त्या खाचेत बसतो. मग तेवढाच तुकडा प्रयोगशाळेत बनवून द्यावा की! इथेच घोडं अडलं. मूळ प्रथिनातून सुटा केला की हा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, आपला पीळ सोडतो, शरीरातली विकरं त्याला कुरतडतात आणि पेशीत तो सहज शिरत नाही.

हार्वर्डच्या ग्रेगरी व्हर्डाइन यांच्या गटाने २०००मध्ये युक्ती काढली. पिळाच्या साधारण एका वेढ्याच्या अंतरावरची दोन अमिनो आम्लं बदलून तिथे कृत्रिम आम्लं बसवायची आणि त्यांचे कार्बनचे हात एकमेकांत गुंफायचे. झालं 'स्टेपल' केलेलं पेप्टाइड! २००४मध्ये लॉरेन वॉलेन्स्की, स्टॅन्ली कॉर्समेयर आणि व्हर्डाइन यांनी हीच युक्ती 'बिड' नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यावर केली. तो रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत शिरला, त्या मरू लागल्या, आणि उंदरांमध्ये रोगाची वाढ मंदावली.

कॉर्समेयर यांनी या जनुकाच्या मागे जवळजवळ सारी हयात घालवली. कधी सिगारेट न ओढलेला हा माणूस मार्च २००५मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, अवघ्या ५४व्या वर्षी. त्याच खाचेत बसणारं 'व्हेनेटोक्लॅक्स' हे औषध अमेरिकेत मंजूर झालं ते २०१६ साली. ते पेप्टाइड नव्हे, त्याहून छोटा रेणू आहे. पण कुलूप तेच.

आमच्या नात्यातले एकजण या गोळ्या घेत होते. तेव्हा घरात सगळ्यांचं लक्ष रक्ताच्या अहवालातल्या आकड्यांवर आणि गोळीच्या किमतीवर. त्या गोळीमागे ४४ वर्षं आहेत, ग्रीकचा एक मास्तर आहे, एक विद्यार्थी आहे आणि अर्ध्यावर उठून गेलेला एक माणूस आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर रोग काही हलका झाला नसता. पण रात्री जागताना एकटं कमी वाटलं असतं, एवढं मात्र नक्की.

जाता जाता गृहपाठ. 'स्टेपल'ला मला 'टाका' हा शब्द सुचतोय, टाका घातलेलं पेप्टाइड. तुम्हाला याहून बरा सुचला तर जरूर कळवा.